उघड्या बॉनेटच्या आड

सुध्या, आज गॅरेज उघडलं. शटर अर्ध्यापर्यंत नेलं आणि तिथेच थांबलो, कारण अर्ध्यानंतर ते तू ढकलायचास. डाव्या बाजूला अडकतं ते, तुला माहीतच आहे. एकट्याने जोर लावला आणि खांदा धरून बसलो. शेजारचा लेथवाला मदत करू का म्हणून आला तर त्याच्यावर खेकसलो. बिचाऱ्याची काही चूक नव्हती. चूक तुझी आहे, पण तुझ्यावर खेकसायची सोय तू ठेवली नाहीस.

तू कसा गेलास ते मी इथे लिहिणार नाही. दुपारी डबा खाल्लास, छातीत जड वाटतंय म्हणून जुन्या टायरवर बसलास आणि पाऊण तासात सगळं आटपलं, हे सांगून सांगून माझी जीभ सुकली आहे. मला लिहायचंय ते भांडण आहे. अठ्ठावीस वर्षं साकीनाक्याच्या या गल्लीत आपण दोघांनी जुन्या टर्बो-डिझेल गाड्या दुरुस्त केल्या, रोज भांडलो, आणि रोज संध्याकाळी शटर पाडायच्या आत भांडण मिटवलं. हे एकच राहिलंय. तेही तू गेल्यावर सुरू झालंय, म्हणजे बघ.

परवा गोवंडीला तुझ्या पुण्यानुमोदनाला आलो होतो. विहारात पांढरे कपडे घालून सगळी बसली होती, तुझ्या फोटोपुढे मेणबत्त्या. वंदना झाली, मग माणसं बोलायला उठली. जो उठला तो तुझ्या कानाबद्दल बोलला. एक टेम्पोवाला म्हणाला, सुधाकरभाऊ बॉनेट न उघडता सांगायचे. दुसरा म्हणाला, डॉक्टर छातीला नळी लावतो तसा हा माणूस इंजिनाला स्क्रू ड्रायव्हर लावायचा. मग मला उठवलं. मला चार माणसांत बोलता येत नाही, तरी बोललो. म्हणालो, "अठ्ठावीस वर्षं मी याच्या शेजारी उभा राहिलो. इंजिन ऐकावं तर यानेच. माझा कान कधीच गेला, याचा शेवटपर्यंत शाबूत होता." बोलता बोलता रडलो. तुझी पोर उठून मला पाणी घेऊन आली.

जेवणं झाल्यावर मंगलवहिनींनी मला आत बोलावलं आणि हातात एक डबा दिला. व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टचा जुना पत्र्याचा डबा, आपल्याच गॅरेजमधला. म्हणाल्या, हा तुमच्याकडे असू दे, ते गॅरेजला जाताना खिशात ठेवायचे. उघडला तर आत कापसावर कानाचं मशीन. मी विचारलं, हे कुणाचं? वहिनींनाच नवल वाटलं.

"त्यांचंच ना. भावजी, तुम्हाला ठाऊक होतं ना?"

सात वर्षं, सुध्या. सात वर्षं तू घरात ते मशीन लावायचास आणि सकाळी निघताना काढून डब्यात टाकायचास. वहिनींना सांगितलं होतंस की गॅरेजमध्ये आवाज फार, मशीन त्रास देतं, आणि तिथे दिगू आहेच. वहिनींनी ते अगदी सहज, मायेने सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते म्हणायचे, दिगूच्या तोंडाकडे बघितलं की मला कळतं गाडीत काय वाजतंय. मला वाटलं, तुमचं दोघांचं ठरलेलं आहे."

मी मूठ मिटली. मुठीत ते मशीन शिट्टी मारायला लागलं. वहिनी म्हणाल्या, काल चालू करून बघितलं, चालतंय अजून. तशीच बारीक, लांबलेली, वरच्या पट्टीतली शिट्टी मी चार वर्षांपूर्वी ऐकली होती आणि तू मला सांगितलं होतंस की मी ती चुकीची ऐकली.

थांब, सुरुवातीपासून जातो. नाहीतर तू म्हणशील, दिग्या नेहमीसारखा मधूनच सुरू झाला.

आपण दोघं ज्याच्या हाताखाली शिकलो त्या उस्तादची पद्धत तुला आठवते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. आधी एकाने ऐकायचं, मग दुसऱ्याने. मध्ये एकमेकांशी एक शब्द बोलायचा नाही. मग उस्ताद एक-दोन-तीन म्हणायचा आणि तीनला दोघांनी एकदम बिघाड सांगायचा. दोघांचं जुळलं तर पाना हातात घ्यायचा, नाहीतर परत ऐकायचं. आपलं स्वतःचं गॅरेज झाल्यावरही आपण हेच केलं. गिऱ्हाइकं हसायची. पण तीनला आपल्या दोघांच्या तोंडून एकच शब्द निघाला की गिऱ्हाईक गप्प व्हायचं, आणि तू माझ्याकडे बघून मिशीत हसायचास. माझ्या आयुष्यात त्याच्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो.

मग कधीतरी तुझा शब्द माझ्या शब्दाच्या मागून यायला लागला. अगदी थोडासा मागून. मी चेष्टेत म्हटलं, काय रे, कॉपी मारतोस काय? तू हसलास नाहीस. दुसऱ्या दिवसापासून ती पद्धतच बंद केलीस. म्हणालास, लोकं हसतात, पोरखेळ वाटतो, यापुढे मी सांगत जाईन. मला वाईट वाटलं होतं. वाटलं, याला आता माझी गरज उरली नाही. गरज कसली, लेका, तू माझ्या ओठांवरून वाचत होतास.

त्याच सुमाराला तू स्क्रू ड्रायव्हर कानाऐवजी दातात धरायला लागलास. मूठ चावून धरायची, डोळे मिटायचे. गल्लीत सगळ्यांना ती स्टाइल वाटली. मलाही. ठोका दातांना लागतो, हे आता कळतं. इंजेक्टर खराब झाला, बेअरिंग वाजायला लागलं की धक्का बसतो, तो दातातून थेट डोक्यात जातो, त्याला कान लागत नाही. शिट्टी दातांना लागत नाही. आणि धूर तर तू डोळ्यांनीच ओळखायचास. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पांढरा आणि थांबत नसेल तर हेडचं गॅस्केट उडालंय, पाणी आत जातंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. शेवटची काही वर्षं तू गाडी आली की आधी मागे जायचास, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवायचास, वास घ्यायचास. मी म्हणायचो, सुध्या म्हातारपणी बारकाईने काम करायला लागला.

गिऱ्हाइकाला समजवायचं तुझं भाषण मला पाठ आहे. अडीच लिटर, चार सिलिंडर, साधा पंप, कॉम्प्युटर नाही, त्यामुळे बिघाड लपत नाही. या इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटतं. टर्बो म्हणजे काय, तर बाहेर जाणाऱ्या धुरावर एक पंखा फिरतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. गाडी पळवत आणून फटकन बंद केली की ऑइल थांबतं, दांडा फिरतच राहतो आणि कोरडा घासतो. म्हणून तर आपण ती पाण्याच्या ग्लासाची पद्धत काढली. गाडी दारात आली की ड्रायव्हरला चालू गाडीतच खिडकीतून पाण्याचा ग्लास द्यायचा. तू म्हणायचास, "आधी पाणी पी, चावी नंतर फिरव." पाणी पिऊन होईतो टर्बो शांत व्हायचा. गल्लीतले दुसरे मेकॅनिक म्हणायचे, हे दोघं सासुरवाडीसारखं स्वागत करतात.

आता पाटकरबाईंवर येतो. तू म्हणशील येऊ नको. येणार.

पाटकरबाई माझ्या तालुक्यातल्या. मुलुंडला राहतात, साखरपुडे-बारशांची जेवणं करून देतात. नवरा गेल्यावर त्याची जीप विकली नाही, स्वतः चालवायला शिकल्या. कुणीतरी सांगितलं, साकीनाक्याला आपल्या गावचा एक माणूस आहे, म्हणून आल्या आणि मग दहा-बारा वर्षं दुसरीकडे गेल्या नाहीत. चार वर्षांपूर्वी एका सकाळी त्या जीप सोडून बाजारात गेल्या. म्हणाल्या, चढाला ओढत नाही, आणि टकटक वाजते.

एरवी रेस द्यायला गिऱ्हाईक नाहीतर त्याचा ड्रायव्हर आत बसलेला असायचा आणि मी बॉनेटजवळ तुझ्या बाजूला. त्या दिवशी कुणी नव्हतं, म्हणून मी आत बसलो. तू बॉनेट उघडलंस. मी रेस दिली, सोडली. सोडताना मला ती ऐकू आली. चढताना सगळ्याच टर्बो थोड्या वाजतात, पण ही उतरताना वाजत होती, बारीक, किंचाळल्यासारखी, आणि शेवटी काहीतरी घासल्यागत. मी खिडकीतून ओरडलो, सुध्या, टर्बो. तू वर बघितलंच नाहीस. स्क्रू ड्रायव्हर दातातून काढून म्हणालास, इंजेक्टर.

मी इंजिन बंद करून खाली उतरलो आणि वाद घातला. म्हटलं, शिट्टी वाजतेय, टर्बोचं बेअरिंग गेलंय, खोलून बघू. तू ऐकेनास. "शिट्टी हवेच्या पाइपाची आहे. क्लिप ढिली असेल. तुझ्या कानात आता हवेत आणि टर्बोत फरक कळत नाही, दिग्या." एवढ्या वर्षांत कधी बोलला नाहीस असं मला बोललास. मी गप्प बसलो. तुझा कान म्हणजे तुझा कान, ही गोष्ट तेव्हा मी देवासारखी मानत होतो. इंजेक्टर काढले. एक खरोखरच खराब निघाला, टकटक थांबली. पाइप मी काढून परत बसवला, क्लिप आवळली. ट्रायल मी मारली आणि बाईंना मीच सांगितलं, गाडी झकास झाली.

आठ दिवसांनी त्या मुलुंडला साखरपुड्याचं जेवण भरून निघाल्या होत्या. सिग्नलला जीप आपोआप रेस व्हायला लागली. त्यांनी चावी फिरवली, तरी थांबेना. टर्बोचं सील फुटलं होतं, ऑइल हवेच्या वाटेने आत जात होतं आणि इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत होतं. डिझेल इंजिनाला एकदा तसं लागलं की चावीचा उपयोग नाही. सगळा रस्ता निळ्या धुराने भरला. लोकांना वाटलं आग लागली. बाईंनी उडी मारली, पाय मुरगळला, आणि इंजिन त्यांच्या डोळ्यांसमोर ओरडून ओरडून जाम झालं. मागच्या पातेल्यांतलं जेवण तिथेच राहिलं आणि तिकडे पाहुणे ताटकळत बसले.

जीप टो करून आपल्याकडे आली तेव्हा त्या लंगडत आल्या होत्या. तुझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "गावचो म्हणान तुझ्याकडे इलंय, दिगंबरा. तू माका फसयलंस."

तू तिथेच होतास. चिंधीने हात पुसत होतास. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी पुसत होतास.

त्यांना रिक्षात बसवून परत आलो तर तू टर्बो काढून गोणपाटात गुंडाळूनही टाकला होतास. मी बघायला हात पुढे केला तर म्हणालास, काय बघायचंय, पाइप बसवताना तू क्लिप ढिली ठेवलीस, खडा आत गेला, पंख्याचे तुकडे झालेत. आणि मी मान्य केलं. बघितलंसुद्धा नाही. माझ्या हाताने पाइप बसला होता ना. लाजेने तोंड वर करवत नव्हतं. पुढची चार वर्षं कुठल्याही गाडीत काय वाजतंय हे मी मोठ्याने बोललो नाही, ओठातल्या ओठात पुटपुटलो असेन तेवढंच.

आणि तू काय केलंस? त्यानंतर एकदाही मला रेस द्यायला आत बसू दिलं नाहीस. "तू इथे उभा राहा, माझ्या समोर," म्हणायचास. मला वाटायचं, माझी लाज झाकायला जवळ ठेवतोय. म्हणजे त्या दिवशी कुठे चुकलं हे तुला पुरतं कळलं होतं. तुझ्या माझ्यामध्ये बॉनेट आलं होतं. तुला माझं तोंड दिसलं नाही, एवढाच काय तो बिघाड.

एवढ्यावर थांबला असतास तरी मी गिळलं असतं. पण तू मला म्हणालास, एकदा कान तपासून घे, घाटकोपरला एक चांगला दवाखाना आहे. वर माझ्यासोबत आलास. काउंटरवरची मुलगी तुझ्याकडे बघून हसली आणि काहीतरी बोलली, तू मान हलवलीस. मी विचारलं, ओळखते का? म्हणालास, आमच्या गल्लीतली आहे. मला आत काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा. डॉक्टर म्हणाला, या वयात इतके चांगले कान गॅरेजवाल्याचे मी बघितले नाहीत. बाहेर येऊन तुला सांगितलं. तू म्हणालास, मशीनला काय कळतंय, इंजिनाचा कान वेगळा असतो. आणि मी गाढव, मी डॉक्टरला खोटा आणि तुला खरा धरला.

त्या बाकावर बसून तू माझी वाट बघत होतास, तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं रे? मला खरंच जाणून घ्यायचंय. माझे कान चांगले आहेत हे ऐकून तुला बरं वाटलं होतं का? तुझ्या कामाचे होते म्हणून?

एक गोष्ट तर मला राहून राहून छळते. बाबा गेले तेव्हा तू मला कुडाळला घेऊन गेलास. निरोप आला तसा गिऱ्हाइकाच्या दारातूनच गाडी काढलीस, घरी चप्पल बदलायलाही गेला नाहीस. सगळा रस्ता मी बोलत होतो. बाबांनी मला मारलं होतं ते, मी घर सोडून आलो ते, शेवटी फोनवर नीट बोललो नाही ते. बायकोला सांगितलं नाही असं सगळं तुला सांगितलं. तू रस्त्यावर नजर ठेवून मधून मधून मान हलवत होतास. मी आजवर लोकांना सांगत आलोय की माणसाने कसं ऐकावं ते सुध्याकडून शिका. आता हिशेब लावतो तर ते या सात वर्षांतलंच. मशीन डब्यात. नजर रस्त्यावर. सुध्या, तू त्यातलं काही ऐकलंस का? एक शब्द तरी?

तरी तू गाडी काढली होतीस, आणि माझ्या बापाच्या चितेजवळ माझा दंड धरून उभा होतास, हे मी खोडू शकत नाही. म्हणून तर जास्त चिडलोय. तू निव्वळ हरामखोर असतास तर सोपं होतं.

आज शटर उघडल्यावर पहिलं काम केलं ते माळ्यावरचं गोणपाट खाली काढायचं. मला वाटलं होतं तू ते भंगारात दिलं असशील. दिलं नव्हतंस. त्याच तुझ्या गाठीत बांधलेलं होतं. उघडून टर्बो बाकड्यावर ठेवला आणि पंख्यावरून बोट फिरवलं. खडा आत गेला तर पाती चावल्यासारखी तुटतात. ही अख्खी होती, एकही तुटलेलं नव्हतं. फक्त कडा गोल फिरून घासलेल्या, बाहेरच्या कवचावरही तसाच घासल्याचा गोल. दांडा दोन बोटांत धरून हलवला तर खुळखुळला. हे काही आठ दिवसांत होत नाही. महिनोन् महिने झिजत आलेलं बेअरिंग होतं ते. मी ऐकलं होतं ते बरोबर होतं. क्लिप ढिली नव्हती, खडा नव्हता, माझा हात चुकला नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्या बाकड्यावर डोकं टेकलं.

का ठेवलास तू तो? फेकून द्यायला चार वर्षं होती तुझ्याकडे. मी कधीतरी उघडीन म्हणून ठेवलास, की तुझ्याने फेकवला नाही? वहिनींनाही विचारता येत नाही. त्यांना यातलं काही माहीत नाही आणि मी सांगणारही नाही.

दुपारी दारात जीप उभी राहिली. पाटकरबाई. चार वर्षांत त्या या गल्लीत फिरकल्या नव्हत्या. इंजिन त्यांनी मुलुंडलाच दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं होतं. मी सवयीने ग्लास भरला आणि खिडकीतून दिला. त्यांनी चालू गाडीतच पाणी प्यायलं, मग चावी फिरवली. उतरून म्हणाल्या, सुधाकर गेलो म्हणान कळला, ऱ्हवक नाय. तुझ्या खुर्चीकडे बघून हात जोडले. थोडा वेळ तुझ्याबद्दल बोलल्या, चांगलंच बोलल्या. निघताना म्हणाल्या, गाडी परत ओढत नाही, शिट्टी वाजते, पण आता ऐकायला कोण आहे.

मी म्हटलं, बसा आत, रेस द्या.

बॉनेट उघडलं. स्क्रू ड्रायव्हर घेतला, तुझ्या दातांच्या खुणा असलेला, दुसरा नव्हताच जवळपास. मूठ कानाला लावली. त्यांनी रेस दिली, सोडली, परत दिली. शिट्टी होती. चढताना वाजत होती, रेस धरून ठेवली की फुसफुसत होती, आणि सोडली की लगेच गायब. उतरताना काही नाही. घासणं नाही. टर्बो ठणठणीत होता. ही हवेच्या पाइपाची होती, सुध्या. जो फरक मला कळत नाही असं तू सांगितलं होतंस, तोच. मी मनात एक-दोन-तीन म्हटलं आणि तीनला एकटाच मोठ्याने बोललो, "पाइप. क्लिप ढिली आहे."

क्लिप खालच्या बाजूला होती, हात घालून आवळली. बाईंनी परत रेस दिली. शिट्टी नाही. आणखी एकदा दिली. नाही. त्या उतरल्या, आणि चार वर्षांनी मी त्यांना हसताना बघितलं. म्हणाल्या, "सुधाकरान जाताना आपलो कान तुका दिल्यान काय रे?"

मी हो म्हणू शकलो असतो. त्यांनी कौतुकानेच विचारलं होतं, आणि तुझंही नाव राहिलं असतं. विहारात सगळ्यांसमोर मी तेच तर बोललो होतो. पण माझ्याने हो म्हणवेना.

"नाही बाई," म्हटलं. "तो माझाच होता."

मग त्यांना बाकड्याजवळ नेलं. टर्बो दाखवला, दांडा त्यांच्या बोटांत देऊन हलवायला लावला. डबा उघडून मशीन दाखवलं. सगळं सांगितलं. त्या दिवशीची रेस, बॉनेट, गोणपाट, घाटकोपर. तुझ्या बाजूने बोलायला तू नव्हतास, म्हणून जिथे तुझी बाजू होती तिथे ती मीच सांगितली. कानावर पोट असलेल्या माणसाचे कान गेले तर तो काय करील, हेही म्हणालो. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी माझ्या हातावर हात ठेवला. तेव्हा मला जे बोलल्या होत्या त्याचं त्यांना वाईट वाटलं असावं. एवढंच विचारलं, "मगे त्याणां तुका सांगल्यान कित्याक नाय?"

त्यांना गाडीपर्यंत सोडून आलो. आता संध्याकाळ झाली आहे, शटर पाडायची वेळ. टर्बो परत गोणपाटात बांधला नाही, बाकड्यावरच ठेवलाय, शेजारी तुझा डबा. भांडण मिटवल्याशिवाय आपण शटर पाडत नाही, आणि हे मिटत नाहीये.

तू घाबरलास, एवढं मला कळतं. गल्लीला, गिऱ्हाइकांना घाबरलास, तेही कळतं. मला का घाबरलास? मला एवढंच म्हणायचं होतंस, दिग्या, मला ऐकू येत नाही. मी आधी तुला शिव्या घातल्या असत्या, सात पिढ्या काढल्या असत्या. मग चहा मागवला असता. कुणाला म्हणून कळू दिलं नसतं, तुझं नाव तसंच ठेवलं असतं, तुझ्या कानाची तारीफ ऐकून मिशीत हसलो असतो. आणि त्या दिवशी पाटकरबाईंच्या जीपमध्ये शिट्टी ऐकू आल्यावर मी खिडकीतून ओरडलो नसतो रे. इंजिन चालू ठेवून खाली उतरलो असतो, बॉनेटला वळसा घातला असता, आणि तुला माझं तोंड दिसेल असा तुझ्यासमोर येऊन उभा राहिलो असतो.